निळ्या डोळ्यांचा पाहुणा

"त्याला सांग, हे पाणी आमचे कामगार पितात."

लुआन मालकांनी सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकीत लाल मासे फिरत होते.

यिन शूछिन पाहुण्याकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "हे पाणी कामगार पितात, असं मालक म्हणतात. तुम्ही पिऊ नका. मासे कालच बाजारातून आणलेत. पाहुणे यायचे असले की नवे आणावे लागतात."

हेंड्रिकने मान डोलावली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. यिनच्या तोंडातून शब्द गेले ते गेले.

कातडी कमावण्याच्या ह्या कारखान्यात ती दुभाषी होती. मालकांना 'ओके'पलीकडे इंग्रजी येत नव्हतं. आजवर परदेशी व्यापारी आले, ते जे म्हणाले ते तिने मालकांना सांगितलं. मालक जे म्हणाले ते त्यांना. मग गेल्या हिवाळ्यात तिची आत्या गेली. आईबापाविना वाढलेल्या यिनला त्या आत्याने वाढवलं होतं. शेवटी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. गावात त्या वर्षी तसं मेलेली ती एकटी नव्हती. तेव्हापासून यिन एका माणसाची वाट पाहत होती, जो परतल्यावर आपल्या देशात हे बोलेल.

हेंड्रिक हॉलंडचा, बुटांचा व्यापारी. मालकांनी स्वतः त्याला स्टेशनवरून आणलं होतं.

"नदी तर स्वच्छ दिसते," तो म्हणाला.

"कारखान्याचं घाण पाणी नदीत सोडतच नाहीत. वाळवणीच्या शेडमागे जुनी विहीर आहे. तिच्यात पंपाने ढकलतात."

"काय म्हणतोय?" मालकांनी विचारलं.

"नदीचं कौतुक करतोय."

"म्हणजे निळ्या डोळ्यांना दिसतं म्हणायचं."

मालक हसले. हेंड्रिकही हसला. यजमान हसला की पाहुणे हसतातच.

दुपारी गाढवाच्या मांसाने भरलेल्या खुसखुशीत रोट्या आल्या. हेंड्रिकने कच्च्या लसणीची पाकळी सोलली आणि घासागणिक चावत जेवला. त्याची नजर मात्र खिडकीबाहेर होती. तिथे कामगार भिंतीला टेकून उकडलेले पाव खात होते.

"त्यांच्या नखांना काय झालंय?"

"कमावणीच्या द्रावणाने होतं."

"बायकांनी डोक्याला रुमाल घट्ट बांधलेत. इतकी थंडी तर नाही."

"केस जातात," यिन म्हणाली. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, म्हणून ती चहा ओतू लागली.

जेवणानंतर मालक डुलकी काढायला निघाले. पाहुण्यांना बाजार दाखवते, असं सांगून यिनने हेंड्रिकला गावात नेलं, थेट छ्याओ काकांच्या दारी. काकांची बायको खालून विस्तव घालून तापवलेल्या विटांच्या ओट्यावर पडून होती. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते.

"परक्याला कशाला आणलंस पोरी?" काका म्हणाले. "आपल्यांनी काय दिवे लावले, की हा लावणार?"

"काका, हा ऐकतो तरी."

"ऐकायला गाढवही ऐकतं. ते खाल्लंत ना दुपारी?"

"दाखवा हो त्याला," ओट्यावरून म्हातारी म्हणाली. "मी गेल्यावर दाखवणार आहात का?"

काका कुरकुरत उठले. कोळशाच्या ढिगामागून त्यांनी बाटल्या काढल्या. दरसाल वसंतातल्या सणाला त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी भरून ठेवलं होतं. पहिल्या बाटलीतलं पाणी नितळ होतं. पुढे पिवळसर होत गेलं. शेवटच्या बाटलीच्या तळाशी हिरवट साका बसला होता.

"जिल्ह्याचे लोक तपासणीला यायचे असले की कारखान्यात आधी फोन वाजतो," काका म्हणाले. "मग देणार कुणाला?"

हेंड्रिकने बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. यिनच्या तोंडून त्याने विचारलं, "तपासायला मी नेल्या तर चालेल?"

काकांनी बायकोकडे बघितलं.

"ने बाबा. मी काय त्यांचं लोणचं घालू?"

परतताना हेंड्रिकने विचारलं, शेडमागच्या विहिरीबद्दल आणखी कोण बोलायला तयार आहे. यिनने पंपावरच्या माणसाचं नाव सांगितलं. रुमाल बांधणाऱ्या दोघींची नावंही सांगितली. तो काही लिहून घेत नव्हता. लिहिलेलं सापडतं, म्हणून असेल, असं तिला वाटलं. माणूस सावध आहे, हे बरंच.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" त्याने विचारलं.

"वाटते ना. पण तिथे पडलेल्या काकूंचं काय? त्यांना भीती वाटायलाही आता काही उरलं नाही."

बाटल्यांची पिशवी त्याने जपून गाडीत ठेवली. कित्येक महिन्यांनी यिनला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आत्याच्या फोटोपुढे आज संत्री ठेवायची, असं तिने ठरवलं.

संध्याकाळी मालकांनी कचेरीत चांगला चहा काढला. पेले भरले, खुर्ची पुढे ओढली.

"विचार बाई पाहुण्यांना. कसा वाटला आमचा कारखाना?"

यिन हेंड्रिककडे वळली. इंग्रजीत प्रश्न सुरू करणार, तोच त्याने हात वर करून तिला थांबवलं. चहावर तरंगणारी पानं फुंकरीने बाजूला सारून त्याने एक घोट घेतला. मग मालकांकडे बघत, इथल्याच बोलीत, इथल्याच हेलात तो सावकाश म्हणाला,

"मालक, पुढच्या आठवड्यात खरी गिऱ्हाइकं येतील तेव्हा दुसरी दुभाषी बघा. हिने मला म्हाताऱ्याच्या घरापर्यंत नेलं."