पार्कवाली पोरं

"एकदा बघ तरी, बाबा. मग नाही म्हण," इशिता म्हणाली होती, म्हणून यतीन पार्कच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. नाही म्हणायचं हे त्याचं आधीच ठरलं होतं. बघायचा फक्त उपचार होता.

पार्क म्हणजे झाडं-बाकडी नव्हेत. कोलोराडोतल्या त्या स्की रिसॉर्टने एका उताराला दोरी बांधून आत बर्फाचे मोठाले उंचवटे रचले होते, मधेमधे लोखंडी कठडे रोवले होते. पोरं वेगात यायची, उंचवट्यावरून हवेत उडायची, गिरकी घ्यायची आणि पलीकडे उतरायची. यतीन याला माकडचाळे म्हणायचा. स्कीइंग म्हणजे कसं, उतारावर आखून काढल्यासारखी वळणं. ही ढगळ पँट घातलेली, कानात गाणी कोंबलेली कार्टी म्हणजे स्कीइंगच्या नावाला बट्टा. ना शिस्त, ना नियम. एक दिवस कुणाचं तरी हाड मोडतील, हे त्याने आज डेन्व्हरहून येताना गाडीतही ऐकवलं होतं.

स्वतः यतीन तिशी उलटल्यावर स्की शिकला. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस, पण जिद्दीने शिकला, आणि उशिरा शिकलेल्याला चढतो तसा तोरा त्याला चढला. आता मराठी मंडळातल्या नवशिक्यांना तोच उतारावर घेऊन जायचा. आजही बरोबर आलेले राजीव आणि नैना तर त्याला गुरुजी म्हणायचे, आणि त्यातली थट्टा गुरुजींना कधी कळली नाही. अशा माणसाची पोरगी, सातव्या वर्षापासून रेसच्या टीममध्ये, आणि पंधराव्या वर्षी म्हणते काय, तर टीम सोडून पार्कमध्ये जाणार! आज तो हो म्हणाला तर पुढच्या आठवड्यापासून तिचं पार्कचं कोचिंग सुरू होणार होतं. नाही म्हणाला तर विषय कायमचा मिटणार होता. सुलभाने, त्याच्या बायकोने, सगळं त्याच्यावर सोडलं होतं.

उताराच्या माथ्यावर, त्याच्या पुढ्यातच, पोरं उभी होती. यतीनला तो पानटपरीवरचा घोळका वाटला. खरं तर ती रांग होती, पण ते दिसायला आधी बघायची इच्छा लागते. इशिताने हात वर केला, आपण निघतोय असं मोठ्याने सांगितलं आणि सुटली. उंचवट्यावरून उडाली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. झकास उडाली, हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्यानेच त्याचं डोकं फिरलं. एवढंच ना? आत्ता मागोमाग जाऊन दाखवतो, मग बघू काय बोलते ती.

उंचवट्याच्या कडेला एक उंच पोरगा उभा होता. जॅकेटवर गुडघ्यापर्यंतचा टी-शर्ट, म्हणजे ध्यानच. त्याने पलीकडे वाकून पाहिलं आणि झटकन दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली केली. ते बघून रांगेतल्या सगळ्यांनी तशाच फुल्या केल्या.

यतीनच्या अंगाचा तिळपापड झाला. मला फुली? तुमच्यासारखे इथे नकोत, असं सांगतायत हे दीडदमडीचे? डोंगर काय यांच्या बापाचा आहे? पोरं ओरडायला लागली. त्याला वाटलं, हुर्यो उडवतायत. त्याने काठ्या रोवल्या आणि निघाला. रांगेतली एक मुलगी झटकन आडवी आली, तिलाही त्याने सफाईने चुकवलं. वळण खरंच सुंदर घेतलं होतं.

टोकावर पोचल्यावर त्याला खाली इशिता दिसली. ती उतरताना पडली होती. एक स्की निघून लांब गेली होती आणि ती उठायला धडपडत होती. पण तोवर तो हवेत होता.

तिच्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला.

त्यानंतर वरून एकही पोरगं आलं नाही. रांगच्या रांग हात डोक्यावर धरून उभी होती. उंच पोरगा कडेकडेने चालत खाली आला, त्याने कुणालातरी फोन करायला लावला आणि इशिताच्या डोक्याखाली आपलं जॅकेट घातलं. तेव्हा कुठे यतीनला उमगलं. फुली म्हणजे खाली कुणीतरी पडलंय, थांबा. पार्कमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट गुरुजींना ठाऊक नव्हती.

रिसॉर्टच्या बचाव पथकाच्या माणसांनी इशिताला स्लेजवरून पायथ्याशी आणलं. बातमी कळून सुलभा धावत आली, तिच्यामागे राजीव आणि नैना. उंच पोरगा इशिताच्या स्कीज खांद्यावर घेऊन आला होता. त्याचा अवतार बघताच सुलभाचा तोल सुटला. तुम्हीच माझ्या मुलीचा पाय मोडलात, तुम्हाला घरी कुणी काही शिकवत नाही का, असं ती त्याला बोलत सुटली. पोरगा हेल्मेट काढून मुकाट ऐकत राहिला. यतीनकडे त्याने नजरही वळवली नाही. यतीन सांगतच होता, असं राजीव म्हणाला. नैनाने मान डोलावली.

"संपलं ते पार्क," सुलभा इशिताला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "सांग तिला, यतीन."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं, आणि अब्रूही शाबूत राहणार होती. ओठ दाताखाली धरून इशिताही बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता आणि आशाही नव्हती. बाबा काय म्हणणार, हे तिला पाठ होतं.

"ती सगळी पोरं थांबली होती, सुलभा," यतीन म्हणाला. "मलाही थांबवत होती. मीच तिच्यावर जाऊन आदळलो. पाय बरा झाला की तिला त्यांच्यातच पाठव. माझ्याबरोबर नको."