डावं दार

२०१७च्या सहलीत तीन आठवडे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने कास्मिर गाडी हाकायचा आणि बायको डेल्फिन डावीकडे बसून संत्र्याच्या फोडी उजव्या हाताने त्याला भरवायची. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे, वसईसारखंच. सवय अशी जडली, की कॅनडात ब्रॅम्पटनला घरी परतल्यावरही ती डावीकडे, इथल्या ड्रायव्हरच्या दाराशी जायची. "काय गं, आज तू चालवतेस?" कास्मिर पोट धरून हसायचा. लायसन्स असूनही कॅनडात तिने कधी गाडी चालवली नव्हती. कास्मिरला जाऊन महिना झाला. आज त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायला निघताना काचेवरचा बर्फ खरवडून ती डाव्या दाराने आत बसली. संत्रं सोललं, पहिली फोड उजवीकडे धरली. हात तसाच राहिला. शेजारी कुणीच नव्हतं. स्टिअरिंग तिच्याच पुढ्यात होतं. "होय, आज मीच चालवते," म्हणत तिने चावी फिरवली. फोड मात्र रिकाम्या सीटवर ठेवली.