उजवं पेडल

"बेतानं बस. त्या स्टुलाचा एक पाय ताईच्या आधीच गेलाय," मावशी म्हणाल्या आणि कपबशा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

चिमणी बसली. नाक्यावरच्या पोस्टरवर तिचा चेहरा या अख्ख्या खोलीपेक्षा मोठा होता. इथे मात्र ती अजून चिमणीच. शास्त्रीय गळा आणि खाली ड्रमचा ठेका, एवढ्या भांडवलावर चार वर्षांत ती कुठल्या कुठे पोचली होती. लोक तिकीट काढायचे ते शेवटच्या एका उंच सुरासाठी. तो सूर चार वर्षं यंत्रच सरळ करून देत आलं होतं. उद्या तीस हजार लोकांपुढे पहिल्यांदाच यंत्राशिवाय गायचं, हा हट्ट तिचाच. आज सकाळी तालमीत सूर फाटला.

"टेप लावू, मॅडम," मॅनेजर म्हणाला होता. "तुम्ही नुसतं तोंड उघडा."

"संध्याकाळपर्यंत थांब."

आणि ती इथे, तिला गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या घरी, आली होती. बाई, म्हणजे मावशींची ताई, गेल्या तेव्हाही जिला यायला सवड झाली नव्हती, ती.

बाईंची परीक्षा सोपी होती. पियानोचं वरचं झाकण उघडायचं, उजवं पेडल दाबून सगळ्या तारा मोकळ्या करायच्या आणि आत सूर लावायचा. सूर खरा असला की पट्टीला बोटही न लावता तारा तो परत म्हणतात. "मला फसवशील," बाई म्हणायच्या, "याला नाही."

चिमणीनं झाकण उघडलं. आत बाईंची केसांची एक पिन पडली होती. तिनं पेडल दाबलं, सूर लावला, कान दिला.

काही नाही.

पुन्हा लावला. तिसऱ्यांदा डोळे मिटून. पियानो ढिम्म.

"मावशी, हा उतरलाय. किती वर्षं कुणी लावला नसेल."

"वा गं! गेल्याच आठवड्यात माणूस येऊन लावून गेलाय. दर सहा महिन्यांनी बोलावते. ताई बजावून गेलीये, चिमणी येईल म्हणून."

फोन वाजला. मॅनेजर.

चिमणीचा पाय पेडलवरच होता, तोंड पियानोच्या उघड्या झाकणाकडे. "टेप लाव," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही होत रे."

तिनं फोन ठेवला. आणि आतून तारांनी तिचं ते शेवटचं वाक्य, तिच्याच आवाजात, हळूच परत म्हटलं.

मावशी हात पुसत धावत दारात आल्या.

"बघ, बोलला की नाही! ताई म्हणालीच होती."