शोकप्रस्तावाला विरोध

"अण्णा, इथं सही करा," सचिव टेंभेकरांनी सभेचं इतिवृत्त माझ्यापुढं सरकवलं. "म्हणजे वहिनींचं नाव विश्वस्तांच्या यादीतून कमी करायचा अर्ज पाठवता येईल."

आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेत सात विश्वस्त, मी अध्यक्ष. माझी बायको त्यातली एक, तेवीस वर्षं. सही करवेना, म्हणून मी ठराव वाचत बसलो. टेंभेकर सभेआधीच इतिवृत्त लिहून आणतात, मागच्या सभेचं समोर ठेवून. लिहिलं होतं : "विश्वस्त कै. शालिनीताई यांच्या निधनाबद्दल शोक व्यक्त करण्याचा ठराव बहुमताने मंजूर. विरोध : सौ. शालिनीताई."

मी मोठ्यानं वाचलं. टेंभेकर घाईनं व्हाइटनर शोधू लागले.

"चुकलं, अण्णा! प्रत्येक ठरावाला त्यांचा विरोध असायचाच. सवयीनं हात गेला."

ती गेल्यापासून मला पहिल्यांदा हसू आलं. हातातला चहा खाली ठेवावा लागला.

"खोडू नका," मी म्हणालो. "तिनं विरोधच केला असता. कारणासकट."

आणि सही केली.

ठरावाची नक्कल जोडलेला तो अर्ज महिन्याभरात धर्मादाय कार्यालयातून परत आला. शेरा होता : मयत विश्वस्त सभेला हजर कशा, याचा खुलासा करावा. तोवर नाव कायम.

"उद्याच खुलासा पाठवतो," टेंभेकर म्हणाले.

"घाई नाही. नाव कायम आहे ना? मग पुढच्या सभेची नोटीस तिलाही पाठवा. घरी मी आहेच घ्यायला."