एकच नवी तार

"हेरंब, थांब," काचेपलीकडे बेस गिटार वाजवणाऱ्या हेरंबला मी माइकवरून म्हणाले. "तीन तारा जुन्या, मऊ वाजतायत. चौथी मात्र रेकॉर्डिंगमध्ये खणखणतेय. एकच का बदललीस? तू तर कायम चारही एकदम बदलतोस."

"तुटली."

बेसची जाड तार सहसा तुटत नाही. मी त्याची थट्टा करणार, तेवढ्यात आठवलं. आमचा गायक ऋत्विज गेल्या आठवड्यात घरात मेलेला सापडला होता. गळ्यावर तारेचा वळ होता. तार मात्र पोलिसांना अजून मिळालेली नव्हती.

माझं हसू विरलेलं हेरंबने काचेतून पाहिलं. बेस हळूच स्टँडवर ठेवला.

"कान तयार आहे गं तुझा," तो म्हणाला. मग माझ्या खोलीत आला आणि आवाज बाहेर न सोडणारं ते जाड दार त्याने आतून लावून घेतलं.