चकचकीत माल

"काका, हा माल मला घेता येणार नाही," बिट्टी म्हणाली आणि हातातला बुश तिने टेबलावर ठेवला.

मिस्त्रींनी खोकं पुढे ओढलं. खोक्यात दोनशे पोलादी बुश, म्हणजे बोटभर लांबीची पोकळ नळकांडी, ओळीने मांडलेले होते. परदेशी कंपनीचा कारखाना गावाबाहेर उभा राहून सहा वर्षं झाली, पण त्यांना लागणारा एवढासा बुशसुद्धा आजवर बोटीने यायचा. आता पहिल्यांदाच त्यांनी इथल्या एका वर्कशॉपला नमुन्याचं काम दिलं होतं. हे दोनशे पास झाले तर दर महिन्याला काम, नाही झाले तर पुन्हा बोट. मिस्त्रींचं नाव सुचवलं होतं बिट्टीनेच. मागच्या गल्लीतली ही पोर आता कारखान्याचं निळं जॅकेट घालून माल तपासायला आली होती.

"मापात चूक आहे का?" मिस्त्रींनी विचारलं.

"माप केसभरही इकडेतिकडे नाही."

"मग माशी शिंकली कुठे?"

बिट्टीने मान खाली घातली. "बाहेरून चकचकीत आहेत."

मिस्त्रींना वाटलं, पोर थट्टा करतेय. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"ड्रॉइंगमध्ये बाहेरची बाजू खरखरीत ठेवा म्हटलंय, काका. तिच्यावर रबर चिकटवतात. गुळगुळीत पोलादाला रबर धरत नाही, चार दिवसांत सुटून येतं."

ड्रॉइंग मिस्त्रींनी नीट वाचलं होतं. त्यातलं 'खरखरीत'ही वाचलं होतं. त्यांचा समज असा झाला की ही आपल्याला दिलेली सूट आहे, निदान एवढं तरी करा अशी. त्याहून चांगलं करून दिलं तर सोन्याहून पिवळं.

पॉलिश केलं होतं त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी. तीन दिवस त्या पॉलिशच्या चाकासमोर बसल्या होत्या. या वर्कशॉपमधून ओबडधोबड वस्तू बाहेर जायची नाही, हा त्यांचा कायदा. पोटमाळ्याच्या दाराची कडी असली तरी त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला मिळत नसे. आत्ता त्या मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

"चांगलं केलं म्हणून नापास?" त्या म्हणाल्या. "बिट्टे, तुझ्या कारखान्यात सगळ्यांची डोकी ठिकाणावर आहेत ना?"

बिट्टीने बॅगेतून बोटीने आलेला एक बुश काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. काकूंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं.

"हा? हा मी भंगारवाल्यालासुद्धा दिला नसता. लाज वाटली असती."

"काकू, पाच वाजेपर्यंत मला कागद भरायचाय." बिट्टीचा आवाज रडवेला झाला. "नापास लिहायला हात धजत नाही, आणि पास लिहिता येत नाही."

मिस्त्री उठले. बाहेरच्या मापात थोडी सूट होती, तेवढ्यात निभावणार होतं. त्यांनी एक बुश लेथवर चढवला आणि फिरत्या बुशावर जाड दाण्याचा पॉलिशपेपर हलकेच टेकवला. खर्र आवाज झाला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

बिट्टीने तो बुश बोटीने आलेल्या बुशाशेजारी धरून पाहिला. "अजून थोडा."

"अजून?" काकू कळवळल्या. मग त्यांनी पदर खोचला. "अहो, सरका तुम्ही. तुम्हाला नाही जमायचं. तीन दिवस माझे गेलेत, वाटोळंही मीच करीन."

मिस्त्री बुश चढवून देत होते, काकू घासत होत्या, बिट्टी तपासत होती. पहिले दहा-बारा बुश काकूंनी ओठ घट्ट मिटून घासले. पन्नासाव्यापर्यंत त्यांनी कारखान्याला, त्या रबराला आणि ड्रॉइंग काढणाऱ्याला यथेच्छ शिव्या घालून घेतल्या. पुढे हात बसला. जेवणाची वेळ टळून गेली, कुणाला आठवणही झाली नाही. मिस्त्रींनी दोन बुश उचलून उजेडात धरले. खरखरीतपणातही डावं-उजवं नव्हतं. त्यांना बायकोचा फार अभिमान वाटला, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हे, एवढं ते संसारात शिकले होते.

साडेचारला बिट्टीने शेवटचा बुश तपासला, कागदावर 'पास' लिहिलं आणि काकूंच्या गळ्यात पडली. निळ्या जॅकेटला काळे हात लागले, तरी तिने सोडलं नाही.

"पुरे गं," काकू म्हणाल्या. "आणि तुझ्या साहेबांना सांग, वाईट काम आम्हालाही जमतं. फक्त सवय नव्हती."