काचेमागची पुस्तकं

माणिकरावांनी पान उलटलं. मग आणखी एक. पुस्तक शेवटपर्यंत कोरं होतं.

वरून मात्र ते झकास होतं. पिवळ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात ‘आमची मेंढरं’, खाली मेंढरांचा कळप आणि त्याखाली लेखिकेचं नाव, दीपिका. कडेच्या पट्टीवरही तेच नाव उभं लिहिलेलं. दुरून पाहणाऱ्याला ते दुकानातलंच वाटलं असतं. परभणीहून पाहुणे परीक्षक म्हणून आलेल्या माणिकरावांनी पहिल्या नंबरासाठी मुलांच्या पुस्तकांच्या ढिगातून नेमकं तेच उचललं होतं.

छापील पुस्तकांचे नमुने पाहून मुलांनी आपापलं पुस्तक लिहावं, ही कल्पना अर्पिता मॅडमची. वर्गातल्या कुणाच्याच घरी गोष्टीचं पुस्तक नव्हतं. शाळेत मात्र काचेचं कपाट भरून पुस्तकं होती आणि कपाटाची किल्ली दत्तराव मुख्याध्यापकांच्या खिशात होती. मॅडमनी ती मागून पाहिली.

“पानं फाटली तर वर जबाब मला द्यावा लागतो,” दत्तराव म्हणाले. “नमुनाच बघायचाय ना? काचेतून बघा की.”

दत्तरावांचा त्या कपाटावर फार जीव. दर शनिवारी ते स्वतः काच पुसत. पाहुणे येणार म्हणून काल त्यांनी कपाटामागच्या भिंतीवर चढलेल्या मातीच्या रेघांवरही चुना फिरवून घेतला. मॅडमनी शेवटी पोरांना काचेपुढंच बसवलं. हुशार पोरांनी पाठ्यपुस्तकातले धडे उतरवून पानं भरली. दीपिकाला ते पटलं नाही. ती रोज मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून उभी राहायची आणि दिसेल ते कागदावर उतरवायची.

तिचा बाप बिरदेव आज मेंढरं सोडून आला होता आणि दारात घोंगडी सावरत उभा होता. काल संध्याकाळीच त्यानं लेकीला बजावलं होतं, “परवा आमी चारठाण्याकडं निघायलोत. नंबर आला तर आजीपाशी ऱ्हा अन् शाळा शिक. न्हाई तर चल मेंढरामागं.” दीपिकाला शाळा सोडायची नव्हती. रात्रभर तिला झोप नव्हती.

आणि आता पाहुण्यांच्या हातात तिची कोरी पानं.

“ही जरा मागंच आहे, साहेब,” दत्तराव घाईघाईनं म्हणाले. “नक्कलसुद्धा धड जमत नाही हिला. दुसरं बघा.”

पोरं हसली. बिरदेव जमिनीकडं बघायला लागला.

“कपाटातली पुस्तकं बघूनच केलंय, गुरुजी,” दीपिका म्हणाली. “त्यांच्या आत काय हाय, ते आमी कवा बघितलंच न्हाई.”

हसणं थांबलं. माणिकरावांनी दत्तरावांपुढं हात केला. “किल्ली द्या.”

“आधी चहा घ्या, साहेब. गार व्हायलाय.”

“होऊ द्या.”

कुलूप गंजलं होतं. बऱ्याच खटपटीनं ते निघालं. माणिकरावांनी समोरचंच एक जाडजूड पुस्तक काढलं. ते हाताला भलतंच हलकं लागलं. त्यांनी ते उघडलं आणि टेबलावर भसाभस माती सांडली. मातीतून पांढरे किडे पळाले. दुसरं काढलं, तिसरं काढलं. गुळगुळीत, रंगीत पुठ्ठे जागच्या जागी होते. आतली पानं वाळवीनं कधीच फस्त केली होती.

दत्तराव हातातल्या फडक्यानं उगाच काच पुसत राहिले. अर्पिता मॅडमना रडूच आलं. इतके दिवस त्या पोरांना रिकामी टरफलं दाखवत होत्या.

माणिकरावांनी एका हातात कपाटातलं पुस्तक घेतलं, दुसऱ्या हातात दीपिकाचं. दोन्ही उघडून पाहिली आणि मिटली. मग त्यांनी बिरदेवला दारातून जवळ बोलावलं.

“पहिला नंबर तुमच्या लेकीचा,” ते म्हणाले. “नमुन्याबरहुकूम पुस्तक फक्त हिनंच केलंय.”